गाडी १५ वर्षांची, स्क्रीन पाच वर्षांची: कंपनीतूनच बसवून येणाऱ्या इन्फोटेनमेंट यंत्रणेचे तोटे

हद्दवाढकर (धागाकर्ता)

नवीन गाडी घ्यायची म्हणून सोलापुरातील बहुतेक शोरूमच्या पायऱ्या झिजवून झाल्या आणि सगळीकडे एकच प्रकार पाहिला. विक्रेता बॉनेट उघडण्याआधी इन्फोटेनमेंटची, म्हणजे गाणी, फोन, नकाशा यांची स्क्रीन सुरू करतो. ती किती इंचांची आहे, मोबाइल वायरविना कसा जोडला जातो, सनरूफ नुसते बोलून कसे उघडते, हे तो मोठ्या उत्साहाने दाखवतो. परंतु ही स्क्रीन बंद पडली तर एसीचा पंखा कमी-जास्त कसा करायचा, वॉरंटी संपल्यावर ती बदलायला किती रुपये मोजावे लागतील आणि आठव्या वर्षी तिच्या सॉफ्टवेअरला वाली कोण, या तीन प्रश्नांवर ‘सर, असं सहसा होत नाही’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

माझा आक्षेप स्क्रीनवर नाही. ती गाडीत ज्या पद्धतीने चिणली गेली आहे, त्यावर आहे. खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे भाग तेवढा काळ निघावा अशाच बेताने बनवलेले असतात. स्क्रीनमागचा प्रोसेसर, मेमरी आणि सॉफ्टवेअर यांचे आयुष्य मात्र मोबाइलइतकेच. पूर्वी या दोन वयांची गाठ पडत नसे, कारण डॅशबोर्डात टेपसाठी १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच अशी ठरावीक खाच असे (दुप्पट आकाराची असल्यास उंची १०० मिलिमीटर). मूळचे जर्मन असलेले हे माप जगभर रूढ झाल्याने कॅसेटचा टेप काढून सीडीचा आणि सीडीचा काढून यूएसबीचा बसवणे हे कोणत्याही ॲक्सेसरीच्या दुकानात तासाभराचे काम होते. आता प्रत्येक मॉडेलची स्क्रीन वेगळ्या आकाराची, डॅशबोर्डाच्या वळणात मिसळून गेलेली, आणि तिच्या पोटात एसी, मागचा कॅमेरा, दरवाजांच्या लॉकची व दिव्यांची सेटिंग असे सगळे कोंबलेले असते.

हे नुसते तर्कट नाही. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांत २०१८च्या सुरुवातीपर्यंत ८ जीबीची फ्लॅश मेमरी वापरली जात होती. अशा मेमरीवर प्रत्येक वेळी लिहिताना ती थोडी झिजते आणि गाडीचे सॉफ्टवेअर तिच्यावर सतत नोंदी लिहीत होते. मेमरी संपली की मधली स्क्रीन काळी पडे आणि तिच्याबरोबर मागचा कॅमेरा, काचेवरील बाष्प घालवण्याचे नियंत्रण व इंडिकेटरचा आवाज हेही जात. अमेरिकी वाहन सुरक्षा यंत्रणेने पाठपुरावा केल्यावर फेब्रुवारी २०२१मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या वेळी कंपनीने मांडलेली बाजू वाचण्यासारखी आहे: हा भाग सरासरी पाच-सहा वर्षे टिकणारा आहे आणि तो गाडीच्या पूर्ण आयुष्यभर टिकावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही. मला हा युक्तिवाद अगदी पटतो. प्रश्न एवढाच उरतो, की पाच-सहा वर्षांच्या भागावर कॅमेरा आणि काचेचे बाष्प टांगायला कोणी सांगितले होते?

त्यात आपले सोलापूरचे ऊन. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डाला हात लावता येत नाही. या स्क्रीनमध्ये वरची काच, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारे पॅनेल हे एकमेकांना चिकटवलेले असतात; वर्षानुवर्षे तापून हा चिकटा सुटू लागला की कडेला बुडबुडे दिसतात आणि स्क्रीनला नसलेली बोटे जाणवू लागतात. माझ्या सध्याच्या गाडीत दुपारी मार्केट यार्डातून बाहेर पडताना हेच घडते. कोणी हात लावलेला नसताना रेडिओचे स्टेशन बदलते, आवाज वाढत जातो, फोनच्या यादीतील कोणाला तरी आपोआप कॉल लागतो, आणि एसी चांगला वीसेक मिनिटे चालल्यावर सगळे पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे, की नुसती वरची काच मिळत नाही, पूर्ण युनिटच बदलावे लागेल. सांगितलेल्या रकमेत आणखी थोडी भर घातली तर एक स्कूटर घरी येईल.

आपले अनुभव, विशेषतः चार-पाच वर्षे जुन्या गाड्यांचे, वाचायला आवडतील.

मोहोळची_लेक

हद्दवाढकर साहेब, आपण दुरुस्तीच्या अंगाने लिहिले आहे. मी रोज गाडी चालवणारी म्हणून लिहिते. माझी नोकरी मोहोळला आणि घर सोलापुरात. मोहोळ वायव्येला असल्याने सकाळी जाताना सूर्य पाठीशी असतो आणि संध्याकाळी परततानाही पाठीशीच. डोळ्यांना हे सुखाचे असले तरी मागच्या काचेतून येणारा तो सगळा उजेड थेट स्क्रीनवर पडतो, आणि मग तिच्यावर नकाशाऐवजी बोटांचे ठसे व माझी ओढणी तेवढी दिसते. पंख्याचा वेग कमी करायला आधी खालच्या पट्टीतील लहानसे चिन्ह शोधायचे, मग उघडलेल्या चौकटीत रेष ओढायची. खड्ड्यात चाक गेले की बोट भलतीकडे पडते. माझ्या आधीच्या गाडीत तीन गोल बटणे होती आणि त्यांच्याकडे मी कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अमेरिकी वाहन सुरक्षा यंत्रणेने २०१३मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळी नजर रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक हटू नये आणि पूर्ण काम बारा सेकंदांच्या नजरेत आटोपावे, असे म्हटले आहे. दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. गळीत हंगामात अंधार पडल्यावर पुणे महामार्गावर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर काहीही नसलेली उसाची ट्रॉली किती अंतरावर दिसते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या ४४ मीटरांविषयी वेगळे सांगायला नको.

‘वि बिलागारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२मध्ये केलेली चाचणी अनेकांनी वाचली असेल. रेडिओ, सीटची ऊब, पंखा यांसारखी ठरवून दिलेली कामे ताशी ११० किलोमीटर वेगाने चालवताना करायला २००५च्या बटणवाल्या व्होल्वो व्ही-७०मध्ये १० सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या एमजी मार्व्हल आर या स्क्रीनवाल्या गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. सतरा वर्षांच्या प्रगतीचा हा हिशेब आहे.

विडी_घरकुल

धाग्यातील एकंदर सूर मला एकांगी वाटतो. मधल्या मारुतीपासून चाटी गल्लीत गाडी घालून पुन्हा मागे काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांनी मागच्या कॅमेऱ्याला आणि मोठ्या स्क्रीनला नावे ठेवू नयेत. स्क्रीन नव्हती तेव्हा लोक मांडीवर मोबाइल ठेवून नकाशा बघत होते आणि आजही बघतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात आणले. २०२०च्या नियमांनी फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मुभा दिली. हे लक्षात घेता गाडीतच नजरेच्या उंचीवर असलेला नकाशा अधिक सुरक्षित नाही काय? बटणेही झिजतात, अडकतात, त्यांच्यावरची अक्षरे पुसली जातात. सॉफ्टवेअरमधील दोष कंपनी अपडेट पाठवून घरबसल्या दूर करू शकते, तुटलेले बटण तसे जोडता येत नाही.

हद्दवाढकर (धागाकर्ता)

विडी_घरकुल, कॅमेरा आणि नकाशा उपयोगी आहेत, याबद्दल दुमत नाही. उपयोगी आहेत म्हणूनच ते रेडिओच्या संगतीत ठेवू नयेत, असे माझे म्हणणे आहे. २०२२च्या जानेवारीत अमेरिकेतील सिॲटल भागात घडलेला प्रसंग पाहा. तेथील एका रेडिओ केंद्राने डिजिटल प्रसारणाबरोबर काही चित्रे पाठवली, त्या फायलींच्या नावाला शेवटचे एक्स्टेंशन (फाइलचा प्रकार सांगणारे ‘.jpg’सारखे शेपूट) नव्हते. एवढ्या कारणावरून २०१४ ते २०१७ या काळातील माझदा गाड्यांच्या यंत्रणा गोंधळल्या आणि पुन:पुन्हा बंद-चालू होत राहिल्या. रेडिओ त्याच केंद्रावर अडकला, ब्लूटूथ गेले, नकाशा गेला आणि मागचा कॅमेराही गेला. अपडेटने हे सुटले नाही. आतील मुख्य युनिटच बदलावे लागले. रेडिओ ऐकला म्हणून कॅमेरा गेला, ही गोष्ट २५ वर्षांपूर्वीच्या कोणा मेकॅनिकला सांगितली असती तर त्याने आपल्यालाच घरी जाऊन आराम करायला सांगितले असते.

अपडेटचेही तसेच आहे. त्याच महिन्यात होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांची घड्याळे उपग्रहाकडून येणाऱ्या आठवड्यांच्या मोजणीतील दोषामुळे २००२ सालात गेली आणि ऑगस्टपर्यंत तिथेच राहिली. घड्याळाने कोणाचा जीव जात नाही. पण गाडीतील साधे घड्याळ हाताने लावण्याचीही सोय मालकाकडे उरली नाही, हे मला कॅमेऱ्याच्या गोष्टीइतकेच झोंबते.

तारजोड

गेली बरीच वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे स्क्रीन बदलण्याच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘कंपनीचा टेप काढा, मोठा अँड्रॉइड स्टीरिओ टाका.’ पूर्वी अशा कामात स्पीकरच्या आठ तारा, एक कायम करंटची पिवळी, एक चावीवर येणारी लाल आणि एक अर्थिंगची काळी, एवढ्या जोडल्या की झाले. आताच्या गाडीत स्टीअरिंगवरील बटणे, मागचा कॅमेरा, पार्किंग सेन्सरचा आवाज, काही गाड्यांत एसीसुद्धा, हे सगळे कॅन बस नावाच्या दोन तारांवरून निरोपांच्या रूपात येते. बॉश कंपनीने १९८६मध्ये मांडलेली ही पद्धत उत्तम आहे, तिने गाडीतील किलोवारी तांबे वाचवले. परंतु बाजारातील स्टीरिओला हे निरोप समजत नाहीत. त्यासाठी मध्ये डीकोडरची डबी लावावी लागते, आणि ती त्याच मॉडेलची, त्याच सालाची असावी लागते. डबी चुकली तर स्टीअरिंगवरून आवाज वाढतो, पण कॅमेरा येत नाही, किंवा कॅमेरा येतो, पण रेषा गाडीबरोबर वळत नाहीत. शिवाय दरवाजांचे आपोआप लॉक होणे, उतरल्यावर दिवे किती वेळ राहावेत, अशा सेटिंगचा मेनू जुन्या स्क्रीनबरोबरच जातो. त्या सोयी चालू राहतात, पण पुढे बदलता येत नाहीत.

काही जण स्क्रॅपमधून त्याच मॉडेलचे कंपनीचे युनिट घेऊन येतात. ते बसते, फ्रेमही जुळते, पण चालू झाल्यावर कोड मागते; कारण अनेक गाड्यांत युनिट त्या विशिष्ट गाडीच्या क्रमांकाशी बांधलेले असते आणि ते नव्या गाडीशी जुळवण्याचे काम डीलरच्या संगणकावरच होते. डीलर म्हणतो, आम्ही वापरलेला भाग जुळवून देत नाही. येथे माझ्यासारख्याचा हात थांबतो.

स्वस्त अँड्रॉइड स्टीरिओविषयीही सांगतो, नाहीतर मी दुकानदाराची बाजू घेतो असे व्हायचे. खोक्यावर छापलेली रॅम आत असेलच असे नाही, आणि सेटिंगमध्ये दिसणारी अँड्रॉइडची आवृत्ती नुसती नाव बदलून लिहिलेली असू शकते. त्याहून वाईट म्हणजे घाईत काम करणारे पिवळी आणि लाल तार एकत्र पिळून टेप गुंडाळतात. अशा जोडणीत स्टीरिओ कधी झोपतच नाही, आणि गाडी काही दिवस उभी राहिली की मालक बॅटरीला शिव्या देत येतो. नवी बॅटरी घेऊनही हाच त्रास झाला तर आधी स्टीरिओमागचा तो जोड उघडून पाहावा.

हद्दवाढकर साहेब, आपल्या स्क्रीनचे बुडबुडे कडेला असतील तर नुसता स्पर्शाचा थर बदलून देणारे कारागीर पुण्या-हैदराबादकडे आहेत. खर्च युनिटच्या मानाने पुष्कळ कमी येतो. मात्र धूळ आत न जाता तो चिकटवणे हे नाजूक काम आहे आणि त्याची हमी कोणी वर्षापलीकडे देत नाही.

सेकंडहँड

मी मुद्दाम जुनी गाडी घेतो, त्यामुळे एक वेगळी बाजू मांडतो. मागील गाडी घेतली तेव्हा स्क्रीनमध्ये पहिल्या मालकाच्या फोनमधील सगळी नावे जशीच्या तशी होती, नकाशात त्यांचे ‘घर’ आणि ‘दुकान’ नोंदवलेले होते आणि कोणत्या डॉक्टरांकडे ते वारंवार जात होते हेही दिसत होते. गृहस्थ सज्जन होते. फोन केल्यावर त्यांना प्रथम विश्वासच बसला नाही. सर्व पुसून टाकल्यावरही गाडीचे कंपनीच्या ॲपवरील खाते त्यांच्याच नावावर राहिले, त्यामुळे गाडी माझ्या दारात असताना ती कुठे उभी आहे हे त्यांना मोबाइलवर पाहता येत होते. खाते हस्तांतरित करायला आरसीची प्रत, विक्रीची कागदपत्रे आणि कित्येक फोन लागले. त्यानंतर कळले, की आतल्या सिमकार्डाची मोफत मुदत संपत आली आहे आणि पुढे दरवर्षी पैसे भरावे लागतील.

मोझिला फाउंडेशनने २०२३मध्ये २५ मोटार ब्रँडची खासगी माहितीविषयक धोरणे तपासली आणि एकही ब्रँड त्यांच्या निकषांवर उतरला नाही. त्याआधी २०१५मध्ये दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीच्या इन्फोटेनमेंट यंत्रणेतून दुरून शिरून तिचे ट्रान्समिशन निकामी करून दाखवले होते, आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. गाणी ऐकवणारी आणि इंटरनेटशी जोडलेली पेटी गाडीच्या उरलेल्या तारांना किती जवळ असावी, हा प्रश्न तेव्हा प्रथम लोकांपुढे आला. कंपन्यांनी तेव्हापासून मध्ये बऱ्याच भिंती घातल्या आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

मधला_मारुती

सर्वांशी सहमत. एक शंका: कंपनीचा नकाशा आणि ॲप न वापरता फक्त अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधील ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयी) वापरले, तर निम्मी डोकेदुखी संपत नाही का? माझ्या गाडीतील कंपनीच्या नकाशाला केगाव-हत्तूर बायपास माहीतच नाही. त्यावरून जाताना तो गाडी शेतात दाखवतो. फोनचा नकाशा मात्र बरोबर चालतो.

हद्दवाढकर (धागाकर्ता)

नकाशापुरती आणि गाण्यांपुरती डोकेदुखी नक्कीच कमी होते, कारण जुने होणारे डोके फोनमध्ये जाते आणि फोन आपण बदलतोच. पण ही सोयही कंपनीच्या मर्जीवर आहे. बीएमडब्ल्यूने २०१८मध्ये अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर आकारायला सुरुवात केली होती. टीका झाल्यावर २०१९च्या अखेरीस ती आकारणी थांबवली. जनरल मोटर्सने २०२३मध्ये आपल्या पुढील विद्युत गाड्यांतून दोन्ही सोयी काढून टाकत असल्याचे जाहीर केले. शिवाय ब्रिटनमध्ये २०२०साली प्रसिद्ध झालेल्या सिम्युलेटरवरील अभ्यासात कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो हाताने वापरताना चालकाचा प्रतिसाद निम्म्याहून अधिक मंदावल्याचे दिसले. बोलून वापरतानाही तो सुमारे तिसऱ्या हिश्शाने मंदावला. म्हणजे मोहोळच्या ताईंचा मुद्दा त्याने सुटत नाही. बोलून सांगायचे तर ‘हत्तुरे वस्ती’ म्हटल्यावर माझी गाडी काय शोधते, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

मोहोळची_लेक

काही प्रमाणात वारे फिरत आहे. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरोपातील युरो एनकॅपने २०२६पासूनच्या गुणपद्धतीत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि मदतीचा एसओएस कॉल या पाच गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसल्यास गुण कापायचे ठरवले आहे. फोक्सवॅगननेही आवाज, पंखा, तापमान यांची बटणे परत आणण्याचे जाहीर केले. या पाचांत एसी नाही, याचे मला सोलापूरकर म्हणून वाईट वाटते. तिकडच्या लोकांना तो आपल्याइतका जीवनावश्यक नसावा. आपल्या भारत एनकॅपचे तारे मुख्यत्वे टकरीत मोठ्यांचे आणि मुलांचे रक्षण कितपत होते यावर मिळतात, त्यामुळे पंचतारांकित गाडीतही पंखा स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर असू शकतो.

तारजोड

गाडी पाहायला जाणाऱ्यांसाठी एक उपाय सुचवतो. टेस्ट ड्राइव्ह सकाळी गारव्यात घेऊ नये. दुपारी बारा-एकला, शोरूमबाहेर उन्हात उभी असलेलीच गाडी मागावी. अनेक गाड्यांत पॉवरचे बटण दाबून स्क्रीन बंद करता येते. तशी ती बंद करावी आणि मग पंखा, तापमान, पुढच्या काचेचे बाष्प आणि आवाज यांपैकी काय काय हाताला लागते ते पाहावे. नंतर चालू करून लगेच रिव्हर्स टाकावा आणि कॅमेऱ्याचे चित्र यायला किती वेळ लागतो ते पाहावे. नव्या गाडीतही हे चित्र रेंगाळत असेल तर पाच वर्षांनी ते येईपर्यंत आपण मागच्या भिंतीला लागलेलो असू.

हद्दवाढकर (धागाकर्ता)

तारजोड यांच्या सूचनेप्रमाणे भर दुपारी दोन गाड्या पाहून आलो. एकीत स्क्रीन बंद करताच पंखा जसा होता तसाच राहिला आणि कमी करायला काहीही मार्ग नव्हता. विक्रेत्यालाही हे प्रथमच समजले असावे. दुसऱ्या गाडीच्या मधल्या व्हेरिएंटमध्ये एसीची गोल बटणे आहेत, स्क्रीन सात इंचांची आणि वेगळ्या फ्रेममध्ये आहे, आणि सहा एअरबॅगही आहेत. त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मात्र बटणे जाऊन मोठी स्क्रीन येते. मधला व्हेरिएंट घेण्याचे जवळजवळ ठरले आहे; अडचण एवढीच, की त्याला मागचा वायपर नाही. तारजोड, तो नंतर बसवता येतो का?

तारजोड

मागच्या काचेला वायपरच्या दांड्याचे भोक आहे की नाही, ते आधी पाहावे. भोक असेल तर मोटर, दांडा आणि स्टीअरिंगमागची दांडी बदलून काम होते. वायर बहुधा आधीपासून आलेली असते. भोक नसेल तर ती काचच बदलावी लागेल आणि मग त्या खर्चाचा विचार करावा. डिलिव्हरीआधी गाडी दाखवलीत तर मागचे पॅनेल उघडून वायर आहे का, ते सांगतो.